थोरलीच्या कढईतला धूर

दोन जावांचं बोलणं बंद होऊन काही महिने झाले होते. कारण विचाराल तर पोरखेळ. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांच्या उशाशी कोण जास्त जागलं यावरून जुंपली, आणि राईचा पर्वत करायला दोघीही सारख्याच हुशार. ओटा एकच, शेगड्या दोन. या टोकाला धाकटी, त्या टोकाला थोरली. एकीनं दुसरीच्या शेगडीला हात लावायचा नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण पाळत मात्र दोघी होत्या.

बोलणं बंद म्हणजे तोंडं बंद, असं नव्हे हं. लेकी बोले सुने लागे! धाकटी पातेल्याला ऐकवायची, थोरली झाऱ्याला. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या पडल्या सगळं ऐकायच्या आणि उसासे टाकायच्या.

थोरल्या दिरांनी वेगळं घर पाहून ठेवलं होतं. घरमालकाला आजच कळवायचं होतं आणि सगळं थोरलीच्या होकारावर अडलं होतं. धाकटीला ती जायला नको होती. लग्न होऊन आली तेव्हा हिला चहासुद्धा धड येत नव्हता. थोरलीनंच हाताला धरून शिकवलं. 'ताई, जाऊ नका' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण ते मेले शब्द घशातून वर येतील तर ना!

दुपारी थोरलीनं तळणासाठी कढईत तेल तापत ठेवलं आणि नवऱ्याचा फोन आला म्हणून ती खिडकीशी गेली. "अहो, माझं अजून ठरत नाहीये," ती सांगत होती. धाकटीनं कान टवकारले. तेवढ्यात तेलातून धूर निघायला लागला. आधी विरळ, मग चांगला दाट. हात लांब करून बटण फिरवलं असतं की काम झालं असतं. पण तिला आतून जरा बरंच वाटलं. जळू दे. कळू दे स्वयंपाकघराच्या महाराणीला.

"आई, कुणाचं तरी तेल जळतंय हो," ती आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "पण आम्ही कोण सांगणारे?"

"ज्याचं त्याला कळतं," थोरली खिडकीबाहेर बघतच म्हणाली. रोजच्या टोमण्यांनी तिचे कान किटले होते. हा त्यातला नाही, हे तिनं ओळखावं तरी कसं?

भपकन तेल पेटलं. जाळ वरच्या कपाटाला भिडला. थोरलीनं फोन टाकला आणि पाण्याचा तांब्या उचलला.

"ताई, पाणी नको! भडका उडेल!"

थोरली तांब्यासकट थिजली. धाकटीनं गॅस बंद केला, स्वतःचं मोठं स्टीलचं झाकण घेतलं आणि तोंड मागे ठेवून ते कडेनं कढईवर सरकवलं. आग गुदमरून विझली. थोरली झाकण उचलून बघायला गेली, तशी धाकटीनं तिचं मनगट धरलं.

"उघडू नका, हवा लागली की परत पेट घेईल. कढई हलवूही नका. पूर्ण निवू दे."

दोघी फरशीवरच बसल्या. थोरलीला रडू फुटलं. "भाजलं नाही ना गं कुठं तुला?"

धाकटीचा जीव भांड्यात पडला. आता म्हणून टाकावं.

"ताई, तुम्ही जाऊ नका."

थोरलीनं डोळे पुसले. "धूर कधीपासून निघत होता?"

"मी बोलले की आईंना..."

"आईंना उठता येतं?"

धाकटीनं नकारार्थी मान हलवली.

"परवा तुझं दूध उतू जात होतं, तेव्हा मीही बघत उभी होते," थोरली म्हणाली. "मजा वाटली होती मला." आवाजात राग नव्हता. राग असता तर धाकटीनं पाय धरले असते. "आज तू मला वाचवलंस, ते जन्मभर विसरणार नाही. पण त्याआधी तू माझी गंमत बघत होतीस, तेही विसरता यायचं नाही."

ती उठली. फरशीवर पडलेल्या फोनमधून नवरा केव्हाचा हॅलो हॅलो करत होता.

"काही नाही, तेल पेटलं होतं. विझलं," ती म्हणाली. "त्या घराला हो म्हणून टाका."