फोटोत नसलेला लाल रुमाल

मी लाल रुमाल बोलतोय. नाक पुसायचा नव्हे हो! शाळेची जुनी रजिस्टरं बांधून ठेवायचा, जाड खारव्याचा, चांगला वारभर. मला भोक पडलं तसं श्रीराम हेडमास्तरांनी उकिरड्यावर टाकलं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बायनाबाईनं उचललं, धुतलं आणि तुराटीला बांधलं. तुराटी दोन दिवसांत मोडली, मग वेळूची काठी आली.

शाळा अगदी रस्त्याला लागून. देवगाव फाट्याकडून ट्रक असे सुटतात की विचारू नका. बायनाबाईला कुणी नेमलं नव्हतं. शाळा भरताना नि सुटताना ती मला घेऊन मधोमध उभी राहायची. "थांब की रं मुडद्या, लेकरं जायलेत!" ट्रकवाला शिव्या द्यायचा, पण थांबायचा. सात वर्षं एका लेकराला खरचटलं नाही. मी चिंधी खरी, पण मला लय अभिमान वाटायचा.

मग कुणाच्या तरी डोक्यात तिच्या सत्काराचं खूळ शिरलं. शाल, नारळ, पाहुणे म्हणून पुढारी व्यंकटराव. कार्यक्रम तीनचा, पाहुणे उगवले साडेचारला. बायनाबाई स्टेजवर चुळबुळ करायली.

"सर, सुटायची येळ झाली. मी जाते रस्त्यावर."

"बसा हो बाई! सत्कार तुमचा, आन् तुमीच निघालाव?" हेडमास्तर सर म्हणाले. वर तिच्या हातातली काठीही काढून घेतली. "फोटोत हे बरं दिसत न्हाई." मी दाराआड.

बारकी पोरं कलकलाट करायली, म्हणून सरांनी पहिली-दुसरीला घरी सोडून दिलं. टाळ्या वाजवायला मोठी पोरं होतीच की.

व्यंकटराव माइकवर सांगत होते, "या माउलीमुळं आपली लेकरं सुखरूप आहेत!" तेवढ्यात रस्त्यावर ब्रेक करकचले.

बायनाबाई शाल टाकून धावली. दुसरीतली अर्पिता होती. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

चौकशी आली. सरांनी लिहून दिलं, 'बायनाबाई जागेवर नव्हत्या.' कुठं होत्या, कुणी बसवून ठेवल्या, हे कुणी विचारलं नाही. अरे, जी जागा तुम्ही कधी दिलीच नाही, ती सोडल्याचा ठपका कसला ठेवता? नेमायला कागद नव्हता, काढायला मात्र लगेच निघाला. खिचडीचं कामही गेलं.

ती अर्पिताच्या आईपुढं हात जोडून म्हणाली, "माय, मी उठायलाच पायजे व्हतं." सगळ्या गावात माफी मागितली ती तिनं एकटीनं. मला त्याचा फार राग येतो.

आणि मी? सरांना रुमाल कमी पडला, म्हणून काठीवरनं सोडून मला पुन्हा कपाटातल्या गठ्ठ्याला बांधलंय. त्याच गठ्ठ्यात बायनाबाईला काढल्याचा तो कागद आहे. मीच त्याला आवळून बसलोय. सत्काराचा फोटो तेवढा भिंतीवर हसतोय.

लोकहो, शाली-नारळ राहू द्या. कुणीतरी माझी गाठ सोडा आणि मला काठीला बांधा. घंटा झाली, पोरं निघाली.