अख्खी भेंडी

काशुएराच्या नगरपालिकेला प्रोफेसर जांदिराचा सत्कार करायचा होता आणि दिवस धरला तो नेमका जुळ्या संतांच्या नावानं गल्लीला दरवर्षी घालतात त्या जेवणाचा. हॉलचं भाडं वाचलं, वर दोना झुल्मिराबाईच्या चुलीवरचं जेवण फुकट. तेवढ्यापुरती अक्कल बरी चालते मेल्यांची.

जांदिरा याच गल्लीतली. गुलामांच्या जहाजांतून आफ्रिकेचं कोणतं धान्य, कोणती भाजी इथं बाहियात आली, यावर तिनं जाडजाड पुस्तकं लिहिली होती. भात मात्र अजून करपवायची.

झुल्मिराला सत्काराचं काही पडलं नव्हतं. तिचा घोर निराळा. गुडघे संपले होते आणि दोन्ही लेकी नव्या चर्चमध्ये जाऊन संतांच्या जेवणाला सैतानाचं अन्न म्हणायला शिकल्या होत्या. पुढच्या वर्षी हे जेवण घालणार कोण?

अंगणात नगरसेवक ओताव्हियानोचं भाषण एकदाचं आटपलं. त्यानं पहिलं ताट उचलून जांदिरापुढे धरलं. चटईवर परातीभोवती हात धुऊन बसलेली संतांच्या मानाची सात पोरं बघतच राहिली.

"खाली ठेव ते," झुल्मिरा कडाडली.

"दोना, पाहुण्या आहेत त्या!"

"पाहुणी कसली? हिचा शेंबूड पुसलाय मी. पोरं जेवल्याशिवाय इथं बिशपलासुद्धा घास मिळत नाही. तुझ्या आईला कळायचं रे एवढं."

जांदिरानं ताटाला हातही लावला नव्हता. ती गुपचूप मागे जाऊन उभी राहिली. पुस्तकांनी सगळंच डोकं खाल्लं नाही म्हणायचं.

पोरांनी हातांनी ओरपून परात चाटूनपुसून लख्ख केली. मग मोठ्यांची पंगत बसली. सुकट आणि लाल पामतेलात शिजलेल्या बारीक चिरलेल्या भेंडीत झुल्मिरा काही भेंड्या न चिरता सोडायची. अशी अख्खी भेंडी ज्याच्या ताटात येईल, त्यानं पुढच्या वर्षीचं जेवण घालायचं. पण हल्ली या भेंड्या कुणालाच सापडत नसत. कुठं गडप होत, ते आज तिला दिसलं. ओताव्हियानोनं इकडेतिकडे पाहिलं आणि ताटातली भेंडी हळूच कोंबडीच्या हाडाखाली सरकवली.

झुल्मिरा तोंड उघडणार, एवढ्यात त्याच्या शेजारी बसलेल्या जांदिरानं त्याच्या ताटात हात घातला, भेंडी उचलली आणि सगळ्यांदेखत खाल्ली.

"हे काय केलंस गं?"

"माझी झाली, मावशी. पुढचं जेवण माझं."

"भात तरी येतो का तुला?"

"नाही येत."

"मग गल्लीला काय पुस्तकं वाढणार आहेस?"

"तुम्ही शिव्या घाला, मी शिकेन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषणाला वाजल्या होत्या त्याहून जोरात.

"टाळ्या काय वाजवताय? ताटं उचला!" झुल्मिरा खेकसली. "आणि ओताव्हियानो, ते हाड चघळून झालं असेल तर वाट धर."

मग तिनं जांदिराला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आदल्या दिवशी उजाडताच यायचं. ही नखं कापून. आणि मी सांगेपर्यंत पातेल्याला हात लावायचा नाही."