धुतलेलं पान

मी भुंगा बोलतोय. फुलांभोवती गुणगुणणारा काळा भुंगा नव्हे. तुरीच्या दाण्याएवढा, पिवळट पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला, गाजर गवत खाणारा भुंगा. लोक मला मेक्सिकन म्हणतात. मेक्सिको मी पाहिलेलं नाही. परदेशातून आलेलं गाजर गवत इथं आवरेना, म्हणून माणसांनी माझ्या पूर्वजांना तिकडून आणलं. एका परक्याला आवरायला दुसरा परका. माझा स्वतःचा जन्म मात्र लोहाऱ्याजवळच्या एका पडीक रानातला.

त्या रानातून मला अक्षरानं उचललं. ही तुळजापूरची मुलगी परक्या तणांचा आणि त्यांना खाणाऱ्या किड्यांचा अभ्यास करते. झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीत तिनं आम्हाला पाल्यासकट भरलं आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन बसली.

"काय न्हेताय, बाई?" शेजारच्या माणसानं विचारलं.

"भुंगे. शेतात सोडायला."

"तिकीट काढलं का त्यांचं? आमच्या घरी ढेकूण हैत, फुकट न्ह्या!"

सगळी जीप हसली. अक्षराही हसली. ती फार लवकर हसायची.

आम्हाला तिनं द्वारकाबाईंच्या बांधावर सोडलं. गाजर गवत खुरपून खुरपून द्वारकाबाईंच्या हातांना पुरळ उठलं होतं. कातडी भेगाळली होती. भर उन्हातसुद्धा त्या हात पदराखाली ठेवत. बांधापलीकडं कलीमभाईंचं सूर्यफूल उभं होतं. त्यांनी बाटलीत डोकावून विचारलं, "आन ह्यांनी माझं सूर्यफूल खाल्लं तर?"

"नाही हो चाचा," अक्षरा हसून म्हणाली. "गाजर गवत सोडून हा कशालाच तोंड लावत नाही."

"माझा शब्द घ्या, कलीमभाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "काय झालं तर मला धरा."

"आक्का बोलल्या, मग झालं."

आम्ही मन लावून खाल्लं. पावसाळा चांगला होता. गवताच्या पानांची जाळी झाली, पुढं नुसत्या काड्या उरल्या. आमचाही गोतावळा वाढला. एके दुपारी बांधावर जेवायला बसल्या असता द्वारकाबाई शेजारणीला म्हणाल्या, "काल भाकरी थापली, हात चुरचुरले न्हाईत बघ." त्या दिवशी मला माझ्या जन्माचा अभिमान वाटला. तेवढाच एक दिवस.

पोळा जवळ आला. बांधाच्या वरच्या अंगाला गवत अजून फुलावर होतं. सजवलेले बैल तिथनं न्यायचे, त्यांच्या तोंडाला खाज सुटेल, आणि द्वारकाबाईंना तर गवताला हात लावता येत नव्हता. म्हणून कलीमभाईंनी शेजारधर्म पाळला. विळा घेऊन सगळा बांध साफ केला आणि फुलांसकट गवताचे ढीग आपल्या सूर्यफुलाच्या कडेला टाकले.

ढीग वाळले. वारा सुटला. गवताच्या फुलांची पांढरी भुकटी सूर्यफुलाच्या पानांवर बसली. बांधावर आम्हाला चावायला हिरवं पान उरलं नव्हतं आणि जेवणाचा वास तेवढा पलीकडून येत होता. सगळे चढले. मीही चढलो. आणि खाल्लं.

पोळा झाल्यावर कलीमभाईंनी पानांची चाळण पाहिली. "आक्का, या! बघा तुमचे पाव्हणे कसे जेवायला बसलेत!"

द्वारकाबाई आल्या, पण त्यांची मान वर झाली नाही. त्यांनीच फोन करून अक्षराला बोलावलं. तिनं पान बोटानं पुसलं, भुकटी दाखवली. "चाचा, हे गवताच्या वासानं फसले असतील."

"वास असू दे न्हाय तर अत्तर असू दे. पान माझं गेलं." त्यांनी फवारणीचा पंप भरून ठेवला होता. "मी नमाज पढून येतो. तवर दाखव, साफ पान खात न्हाय म्हणून. न्हाय तर हा पंप."

औषध पडलं असतं तर आम्ही मेलो असतो, आणि पुढच्या पावसात द्वारकाबाईंच्या हातांचं पुन्हा तेच झालं असतं. अक्षरानं सूर्यफुलाचं एक पान स्वच्छ धुतलं, बाटलीत ठेवलं आणि नेमकं मलाच उचलून आत सोडलं. द्वारकाबाई बैलांना पाणी पाजायला गेल्या.

मी पानाकडं पाठ केली. बाटलीच्या गुळगुळीत भिंतीवर चढलो, घसरलो, पुन्हा चढलो. पोटात आग पडली होती. शेवटी वळलो आणि एक चावा घेतला. साखरेच्या दाण्याएवढं छिद्र पडलं.

अक्षरानं ते पाहिलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिनं झाकण उघडलं, पान काढलं आणि मुठीत धरलं. दुसरं पान धुऊन ठेवणं काय अवघड होतं? तिनं तसं करावं, असं मला वाटलं. मी खाल्ल्याची मला लाज आहेच. त्या वाटण्याची जास्त आहे.

कलीमभाई आले. मागोमाग द्वारकाबाईही आल्या. अक्षरानं मूठ उघडली.

"चाचा, धुतलेलं पानही खाल्लं. उपाशी राहिला की खातो. मी हसत हसत खात्री दिली, ती चुकीची होती. मावशींनी माझ्या भरवशावर शब्द दिला. त्यांना काही बोलू नका."

मग द्वारकाबाई म्हणाल्या, "मारा औषध, कलीमभाई. माझ्या हाताचं मी बघीन." आणि हात पदराखाली ओढले.

कलीमभाईंनी त्या पदराकडं पाहिलं. मग वाळलेल्या ढिगांकडं पाहिलं, बराच वेळ. "ह्याच्या म्होरलं ताट वढलं कुणी पण?" ते पुटपुटले. "म्याच की."

त्यांनी पंप खाली ठेवला. "पोरी, पान फेकून दिलं असतंस तर मला कळलं नसतं. खरं बोललीस, म्हणून थांबतो. पण हे इथनं येचून न्हे, एकूण एक. आन पुढच्या खेपेला सोडायच्या आधी शेजाऱ्याचं शेत बघ."

"बघीन, चाचा. आणि सोडल्यावरही येत राहीन."

तिघं मिळून आम्हाला वेचू लागले. बाटली द्वारकाबाईंनी धरली होती. त्यांनी मला आत टाकताना हळूच झटकलं. रागानं झटकलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता मी गायरानात आहे. इथं गवत पोटभर आहे. थंडी पडली की मातीत शिरेन. पुढच्या पावसात वर येईन की नाही, ठाऊक नाही. अक्षरानं गवताच्या मधोमध सूर्यफुलाच्या कुंड्या ठेवल्यात. येते तेव्हा ती आधी त्या कुंड्यांची पानं उलटून पाहते, मग माझ्याकडं वळते. आता ती हसत नाही.

माणसांनो, परकं तण वाढतच राहणार आणि तुम्ही आमच्यासारखे आणखी कुणीतरी आणत राहणार. आणा. पण आम्हाला भरल्या पोटी पाहून चांगलं म्हणू नका, आणि सोडून विसरू नका. त्या कुंड्यांवरून जाताना मला मान खाली घालावी लागते. तरी सांगतो, त्या उचलू नका.