नाग्पोची बाजू

भिंत कुठल्या हाताला ठेवायची, याबद्दल रिंगमो गावात कधी वाद झाला नव्हता. मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत असो, स्तूप असो, नाहीतर खुद्द फोक्सुंडो तलाव असो, तो डाव्या हाताला ठेवायचा आणि चालू लागायचं. बोन धर्म तसं सांगतो. माणसं तशी चालतात, मेंढ्या तशा चालतात, पोरं रांगतातसुद्धा तशीच. तलावावरचा वाराही तसाच फिरतो म्हणतात, पण वाऱ्याचा काय भरवसा.

मग तेन्पाच्या घरी सून आली. डोल्कर खिंडीपलीकडच्या साल्दांगची. तिकडचे लोक भिंत उजव्या हाताला ठेवतात. लग्नाच्या बोलणीत हे कोणी काढलं नाही, कारण ती येताना नाग्पो नावाचा काळा, दांडगा याक घेऊन आली होती, आणि तेन्पाचा पुढारी याक त्याच वसंतात हिमकड्याखाली गेला होता. पुढारी नसला की बाकीचे याक खिंडीच्या तोंडाशी उभे राहतात आणि एकमेकांना आधी जाण्याचा आग्रह करत बसतात. मीठ खाली जात नाही, धान्य वर येत नाही. रिंगमोचा जव निम्मा हिवाळा पुरतो. उरलेला निम्मा खालच्या धान्यावर काढायचा, किंवा काढायचाच नाही.

नाग्पो कामाला वाघ होता. फक्त गावाबाहेरच्या लांब भिंतीपाशी आला की तो भिंत उजव्या हाताला घेई.

पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा गावच्या ज्येष्ठांनी, म्हणजे मेमे समदुपनी, तेन्पाला बोलावून घेतलं. मेमे म्हणजे आजोबा. ते सगळ्या गावाचेच आजोबा होते आणि तसेच वागत.

"तेन्पा, तुझा याक परधर्मी आहे."

"जनावर आहे, मेमे. त्याला काय कळतं?"

"कळतं म्हणूनच तर चुकत नाही. एकदा तरी आपल्या बाजूनं गेलाय का?"

"अजून तरी नाही."

"त्याच्या पाठीवरून आलेलं धान्य आमच्यात कोणी खाणार नाही, आणि त्याच्या मागून कोणी तांडाही काढणार नाही. तांडा निघायच्या आत वळव त्याला. नाही वळला तर खिंडीपार हाकलून दे."

घरी येऊन तेन्पानं हे सुनेला सांगितलं. डोल्कर चहात लोणी घुसळत होती. तिनं घुसळणं थांबवलं नाही.

"हाकला की, आबा. पण माहेरचं जनावर एकटं कसं पाठवायचं? मी जाईन सोबत."

"परत कधी येशील?"

"ते नाग्पोवर आहे."

मुलगा वरच्या कुरणात मेंढ्यांमागे. तो खाली उतरेल तेव्हा घरात ना याक, ना बायको, ना धान्य, आणि कारण विचारलं तर बाप काय सांगणार, भिंत? तेन्पानं दुसऱ्या दिवसापासून नाग्पोला धर्म शिकवायला घेतलं.

आधी त्यानं भिंतीच्या योग्य बाजूला मीठ ठेवलं. नाग्पो उजव्या हातानं सगळी भिंत फिरून आला आणि पलीकडच्या टोकाकडून मीठ चाटून गेला. मग तेन्पानं त्याचे डोळे बांधले. नाग्पो वास घेत घेत आपल्याच बाजूला लागला. शेवटी तेन्पानं शेपटी धरून त्याला उलटा ओढत नेला. नाग्पोची भिंत उजव्या हातालाच राहिली, पण फेरी मात्र पडली बरोब्बर बोन पद्धतीची.

हे पाहायला गाव जमलं. फेरी पायानं मोजायची की तोंडानं, यावर बराच खल झाला. मेमे म्हणाले, "शेपटी देवाकडे पुढे करून येणारा भक्त मी अजून पाहिला नाही." तिथं तो प्रयोग बंद पडला. तसाही, खिंडीतून अख्खा तांडा उलटा नेणं अवघडच होतं.

त्याच दिवसांत बिबट्यानं गावाकडे मोर्चा वळवला. हिमबिबट्या रिंगमोचाच, वरच्या कड्यात लहानाचा मोठा झालेला. त्याला हात लावायचा नाही असा इथल्या राष्ट्रीय उद्यानाचा नियम आहे, त्यामुळे लोक त्याला नुसतं बोलत. तोही इथलाच असल्यानं भिंत डाव्या हाताला ठेवूनच शिकार करी. पुढे याक पळत, मागून तो. दोघांचा धर्म एक, त्यामुळे गाठ नेहमी पाठीमागूनच पडे.

तांडा निघायच्या आदल्या सकाळी मेमे भिंतीला फेऱ्या घालत होते. त्यांच्यामागे त्यांचं लाडकं वासरू, आणि वासरामागे, पोट जमिनीला टेकवून, बिबट्या. मेमेंना पावलं ऐकू आली होती. पण फेरी अर्धी सोडायची नसते, मागे वळायचं तर त्याहून नसतं. ते जरा झपझप चालू लागले एवढंच. वासरूही झपझप. बिबट्याही.

भिंतीच्या दुसऱ्या अंगाला तेन्पा शेवटचा प्रयत्न करत होता. म्हणजे तो दोरी धरून एकीकडे ओढत होता आणि नाग्पो त्याला दुसरीकडे नेत होता. अशी ही जोडी कोपऱ्यावर पोचली. मेमे बाजूला झाले, वासरू मेमेंच्या मागे झालं, आणि बिबट्या आणि नाग्पो नाकाला नाक लावून उभे राहिले.

बिबट्यानं जन्मात याकाची फक्त मागची बाजू पाहिली होती. याकाला शिंगं असतात हे त्याला त्या दिवशी कळलं. तो जागच्या जागी वळला आणि सबंध भिंत उजव्या हाताला ठेवून, पार कड्यापर्यंत पळत सुटला. आयुष्यातली त्याची पहिली उलटी फेरी. त्यानंतर तो कितीतरी दिवस कड्यावर एका जागी मान खाली घालून बसलेला दिसे. उद्यानाच्या माणसानं बिबट्या आजारी असल्याचं वर कळवलं. गावाला कारण माहीत होतं, पण गावाला कोणी विचारलं नाही.

मेमेंनी आधी उरलेली फेरी पुरी केली. मग येऊन तेन्पासमोर उभे राहिले.

"तेन्पा."

"मेमे."

"समोरून येणारं एखादं जनावर गावात असायला हरकत नाही."

"आणि धान्य?"

"आधी मी खाईन. मग बघू कोण नाही म्हणतो." त्यांनी वासराला जवळ ओढलं. "पण बाकीच्या याकांना तू आपल्या बाजूनं ने. तो जाईल त्याच्या बाजूनं. पलीकडे भेटा."

दुसऱ्या दिवशी तांडा निघाला. घंटा वाजत होत्या, मिठाची पोती करकरत होती. लांब भिंत आली. नाग्पो उजव्या हाताला भिंत घेऊन निघाला, तेन्पा बाकीच्यांना घेऊन डाव्या हाताला. मध्ये दगडांवर दगड. पलीकडून नाग्पोची घंटा ऐकू येत होती, आणि त्याला पुढे हाकणारा आवाज.

तेन्पानं इकडच्या माणसांवरून नजर फिरवली. डोल्कर नव्हती.

"डोल्कर," त्यानं भिंतीवरून हाक मारली. "तू त्या बाजूला?"

"नाग्पोसोबत कोणीतरी नको का, आबा?"

"आणि इतके दिवस? पाण्याला जाताना कुठल्या बाजूनं जात होतीस?"



"सगळे याकाकडेच बघत होते, आबा."

तेन्पानं मागे पाहिलं. मेमे समदुप निरोप द्यायला आले होते आणि त्यांना सगळं ऐकू गेलेलं दिसत होतं. त्यांनी टोपी कानांवरून खाली ओढली.

"याकांकडे बघ, तेन्पा," ते म्हणाले. "मागे पडतायत."