पहिलवानाचे लाड

"माणूस आणि जंतू यांच्यातल्या युद्धाचा निकाल याच खोलीत लागणार आहे," असं सर प्रत्येक पाहुण्याला सांगत आणि मग दाराला खांदा लावत. दार फुगलेलं होतं. ते कधीच एका धक्क्यात उघडत नसे, आणि उघडलं की मानवजातीचा सेनापती तिरपा होऊन आत पडे.

आत पहिलवान राहायचा. पहिलवान म्हणजे एक जंतू. फार वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या पायाच्या जखमेतून तो प्रयोगशाळेत आला. त्याच्यापुढे डॉक्टरांच्या सगळ्या अँटिबायोटिक्सनी हात टेकले होते. शेवटी त्या गृहस्थांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींनीच कंबर कसली आणि म्हातारबुवा स्वतःच्या पायांनी घरी गेले. पहिलवान मात्र इथे राहिला, आणि सरांची सगळी कारकीर्द त्याच्या दंडावर उभी राहिली.

आता सर निवृत्तीला आले होते. उद्या समिती यायची होती. तिने मान डोलावली तर निवृत्तीनंतरही सर याच खोलीत काम करणार. नाहीतर तिथे मोडक्या खुर्च्या ठेवायचं वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी जवळजवळ ठरवलं होतं. सरांच्या जागी खुर्च्या, आणि त्याही मोडक्या, हे सरांना फार लागलं होतं.

समितीला दाखवायचा खेळ नेहमीचाच. एका प्लेटवर जंतू पसरायचे, वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या आणि प्लेट उबेच्या कपाटात टाकायची. साधा जंतू असेल तर चकतीभोवतीचे सगळे मरतात आणि स्वच्छ गोल कडं दिसतं. पहिलवान मात्र चकतीला चिकटून वाढे, लोडाला रेलून बसावं तसा.

त्या सकाळी सरांनी कपाटातून प्लेट काढली आणि तिथल्या तिथे स्टुलावर बसले. प्रत्येक चकतीभोवती कडं होतं. पोरांच्या कानदुखीला देतात त्या जुन्यापान्या औषधाभोवतीसुद्धा.

धाकट्या बाई मागून डोकावल्या. त्या एकेकाळच्या सरांच्या विद्यार्थिनी, आता त्याच खोलीतल्या सहकारी. बहिणीच्या बाळंतपणाची रजा संपवून त्या कालच परतल्या होत्या.

"सर, हा कोण?"

"पहिलवान."

"आणि याला कोणी मारलं?"

"सगळ्यांनी."

बाईंनी प्लेट उजेडात धरली. "मी नसताना याला खायला काय घातलंत?"

"उत्तम. सगळं ताजं. काय बाळसं धरलं होतं म्हणून सांगू, नुसता चकाकत होता."

"आणि औषध?"

सर चष्मा पुसू लागले.

खोलीचा नियम होता: पहिलवानाला नव्या प्लेटवर हलवताना त्याच्या खाण्यात थोडं औषध कालवायचं. जो ते पचवेल तोच पहिलवान. सरांनी कित्येक वर्षांत स्वतः जंतू वाढवले नव्हते. ते भाषणं करत. पण बाई रजेवर निघाल्या तेव्हा "मी आहे ना" म्हणून त्यांनीच सगळं ओढवून घेतलं. पहिल्याच दिवशी औषधाची बाटली सापडली नाही. आणि सापडली तेव्हा सरांचा हात धजावला नाही.

"म्हटलं, बिचारा जन्मभर विष खातोय. चार दिवस सुखाचे जाऊ देत."

"सर, औषध पचवायची ताकद म्हणजे त्याच्या पाठीवरची ढाल. लढाईच नसेल तर ढालीचं नुसतं ओझं. ती टाकून देणाऱ्यांची पोरं भराभर वाढतात आणि ढालवाले मागे पडतात. हे पाठ्यपुस्तकात आहे."

"आहे."

"चौथं प्रकरण."

"ते मीच लिहिलंय."

"म्हणून तर सांगतेय."

मूळचा पहिलवान फ्रीझरमध्ये गोठवून ठेवलेला होता. पण त्याला जागं करून, पुन्हा पसरून, चकत्या ठेवून खेळ रंगायच्या आत समिती येऊन गेली असती.

"आजारी आहे म्हणून सांगू या का?" सर म्हणाले.

"कोण, जंतू?"

बाईंनी दोन प्लेटा घेतल्या, दोन्हींत औषध कालवलेलं. एकीवर फ्रीझरमधला पहिलवान, दुसरीवर सरांचा लाडका. "चकत्यांच्या खेळाला दोन रात्री लागतात, नुसतं उगवायला एक पुरते. उद्या दोन्ही समितीपुढे ठेवायच्या."

"म्हणजे माझा मूर्खपणा चारचौघांत मांडायचा?"

"छे हो. त्या प्लेटवर काही उगवणारच नाही."

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्षीणबाई इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टर, चेहरा इस्त्री केल्यासारखा. युद्धाचं वाक्य सरांनी आज गाळलं. त्यांनी दाराला खांदा लावला, त्याने दाद दिली नाही, तेव्हा अध्यक्षीणबाईंनी आपला लावला आणि त्याही तिरप्याच आत आल्या.

एक प्लेट भरगच्च होती, दुसरी लख्ख.

"ही रिकामी का?"

धाकट्या बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. "याचे मी लाड केले," असं म्हणून सरांनी सगळं सांगून टाकलं. बाटली, बाळसं, चौथं प्रकरणसुद्धा.

"ढाल टाकायला वेळ किती लागला?"

"एक बाळंतपणाची रजा."

"इतका कमी? पुस्तकात तर बराच काळ लागतो म्हटलंय."

"ते मी म्हटलंय."

"मग खोडा." अध्यक्षीणबाईंच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. "कुठला जंतू कुठल्या खाण्यावर ढाल लवकर टाकतो, हे कोणीतरी नीट बघायला हवंय. माझ्या वॉर्डात ढालवालेच फार झालेत. बसा बघत. आणि ते दार तासून घ्या."

समिती गेल्यावर सरांनी घरी फोन लावला. आवाजात सेनापती परतला होता.

"अगं, खोली राहिली. युद्ध चालू. जंतू कसे वाढतात, कसे टिकतात, कसे मरतात, सगळं आता माझ्या देखरेखीखाली."

"बरं झालं बाई," बायको म्हणाली. "अहो, मग येताना शेजारच्या वहिनींकडून वाटीभर विरजण मागून आणा. तुमच्या देखरेखीखालचं आपलं मेलं."