गोदावरीची पाठवणी

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. गोदावरी नदी आजवर कित्येकांनी अडवली, वळवली, पुजली आणि भाषणात वापरली. पण तिला उचलून थेट समुद्रापर्यंत घेऊन जाणारा आमच्या पंचक्रोशीत मी एकटाच. अर्थात सगळी नदी नव्हे. सव्वा लिटर. त्यातलीही घोटभर वाटेत भुजंगरावांच्या पायजम्यावर सांडली.

माझा जन्म उदगीरचा. शिवलिंग तांबटानं मला ठोकून ठोकून गोल केलं. अंगानं मी पितळेचा, आतून कल्हईचा आणि नावानं तांब्या. आपल्याकडं नाव आणि अंग जुळलंच पाहिजे असा नियम नाही. माझ्या तोंडाला फिरकीचं झाकण आहे, आणि तोच माझा अभिमान. इतर तांबे पोटात असेल ते चारचौघांत हिंदकळून दाखवतात. मला तोंड मिटून राहता येतं.

माझ्या मालकीणबाईंच्या, केवळाबाईंच्या लग्नात मी रुखवतात मांडला गेलो. त्यांचं माहेर उदगीरकडचं, जिथं लोक एका वाक्यात मराठी आणि कानडी दोन्ही उरकतात. सासर नांदेडजवळ, विष्णुपुरीच्या धरणाच्या पाण्यावर भिजणाऱ्या गावात. तिथं मी वावरात गेलो, एसटीत खिडकीशी बसलो, वऱ्हाडाबरोबर हिंडलो. "केवळाबाईच्या तांब्यातलं पाणी लई गार, बर्फावानी," असं लोक म्हणत. गावात तेव्हा बर्फ कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळं या स्तुतीला कुणी हरकतही घेतली नाही. झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी माझ्या पोटात निखारे भरून केवळाबाईंच्या लेकाच्या, भुजंगच्या चड्डीला इस्त्री व्हायची. देशसेवा म्हणून मी तेही सोसलं.

मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. मी माळ्यावर गेलो. भुजंगचे भुजंगराव झाले, त्यांचं लग्न झालं, हे सगळं मी वरूनच पाहिलं. माझ्या डोक्यावर दिवाळीच्या दिव्यांच्या माळांचा गुंता होता. कुणी वर चढलंच तर त्या गुंत्यासाठी, माझ्यासाठी नाही.

माझं नशीब पालटलं ते सुकन्येमुळं. सुकन्या म्हणजे भुजंगरावांची बायको. नांदेडच्या एका शाळेत ती भूगोल शिकवते. समुद्र, प्रवाळ, भरती-ओहोटी हे सगळं ती मुलांना इतकं छान सांगायची की तिनं समुद्र पाहिलेला नाही हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. या दिवाळीच्या सुट्टीत तिनं ठरवलं, कर्नाटकाच्या किनाऱ्यापलीकडच्या एका सागरी उद्यानात जायचं. छोटंसं बेट, त्याभोवती समुद्रातली बाग, आणि दिवसाला थोड्याच माणसांना परवानगी. तिथला नियम तिनं फोनवर वाचून दाखवला: प्लास्टिकची बाटली आणू नये. लगेच मला खाली काढलं आणि चिंचेनं घासलं. मित्रांनो, नियम लोकांना आवडत नाहीत. मला हा एक फार आवडला.

केवळाबाई मात्र यायला तयार नव्हत्या. "समुद्रात काय बघायचं? पाणीच असंल." दोन दिवसांनी त्यांनीच सुनेला विचारलं, "सुकन्या, नद्या समद्या समुद्रालाच जातात न्हवं?"

"हो आत्याबाई." आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात.

"मंग मी येते. गोदावरीला घेऊन येते." त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "बाई निघाली सासरी, अन् आपून तिला धरणात अडवून ठिवलं. तिच्या पाण्यावर ऊस केला, केळी केली, भुजंगाला फटफटी घेतली. निदान एक तांब्या तरी सासरी पोचवू. पाठवणी न्हाई केली तर माहेर कशाचं?"

सुकन्येनं काही बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मला वाटलं, ही पण फिरकीचीच दिसते.

अशा रीतीनं विष्णुपुरीच्या काठावर मी भरला गेलो. माझ्या गळ्याला हळद-कुंकू लागलं. सोबत एका पिशवीत खण, नारळ आणि तांदूळ. प्रवासात मी केवळाबाईंच्या मांडीवर होतो.

"माय, घसा कोरडा पडून राहिला. घोटभर दे की," भुजंगराव सोलापूरच्या पुढं म्हणाले.

"हे प्यायचं न्हाई. नवरीला कुणी पितंय का?"

आणि हिसकाहिसकीत ती पायजम्याची घटना घडली.

बेटाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर येत्या सुट्टीत तुम्ही सगळे जाल, आणि ते बेट आमच्या गावच्या बाजारतळापेक्षा मोठं नाही. होडीतून उतरलो तेव्हा ओहोटी होती. समुद्र मागं सरला होता आणि खडकांतल्या खळग्यांत मागं राहिलेलं पाणी इतकं नितळ होतं की मला वाटलं, खळगे रिकामेच आहेत. मी आजवर विहिरीचं, नळाचं आणि टँकरचं पाणी पाहिलंय. टँकरच्या पाण्याबद्दल मी बोलणार नाही. पण पाणी असं असू शकतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुकन्या पहिल्या खळग्यापाशी उकिडवी बसली ती बसलीच. तिनं फोटोसुद्धा काढला नाही.

आम्हाला वाट दाखवायला मंजुश्री नावाची रक्षक होती. पायात रबरी बूट, हातात काठी, वय पंचविशीचं. ती सांगेल तिथंच पाय ठेवायचा. केवळाबाईंनी एक चांगलासा खळगा पाहिला, पिशवी उघडली आणि माझी फिरकी सैल केली.

"अज्जी, बेडा!" मंजुश्री ओरडली. अज्जी म्हणजे आजी, आणि बेडा म्हणजे नको.

त्यावर केवळाबाईंनी जे कानडी काढलं, ते सासरी आल्यापासून बहुधा त्यांनी घडी घालून ठेवलं होतं. दोघींची चांगलीच जुंपली. भुजंगराव आणि सुकन्या एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहत होते. मी उदगीरचा असल्यामुळं मला सगळं कळत होतं, ते तुम्हाला मराठीत सांगतो.

"एवढा मोठा समुद्र, त्याला माझा तांब्या जड झाला का?" केवळाबाई म्हणाल्या.

"आत्ता इथं समुद्र कुठंय, अज्जी? तो गेलाय. भरती येईपर्यंत ह्यांच्याकडं एवढंच पाणी. त्यात गोडं पाणी पडलं तर हे आजारी पडतात."

"हे म्हंजे कोण? दगड?"

मंजुश्रीनं त्यांचा हात धरून खाली बसवलं. "दगड न्हाई, पोवळं. नीट बघा."

केवळाबाईंचा हात नकळत गळ्याकडं गेला. त्यांच्या माळेत पोवळ्याचे चार मणी आहेत. त्यांनी खळग्यात पाहिलं, मग मण्यांकडं, मग पुन्हा खळग्यात.

"हेच?"

"ह्यांच्या भावकीतलं. हा एक एक ठिपका म्हणजे एक जीव. सगळे मिळून घर बांधतात. वर्षभरात नखाएवढं वाढतं. आणि पायाखाली एकदा आलं की संपलं."

मी केवळाबाईंच्या कुशीत होतो, त्यामुळं मलाही दिसलं. काकडीच्या बियांएवढे ते जीव होते. चिमुकले हात हलवत होते, पाळण्यातलं लेकरू हलवतं तसे. कुठं जांभळा रंग, कुठं कैरीच्या सालीचा हिरवा. एक खेकडा आमच्याकडं बघून तिरका तिरका निघून गेला. त्याचा रुबाब थेट आमच्या सरपंचांसारखा. निळ्या शेपटीचा एक मासा पोवळ्याच्या ओसरीवर येऊन बसला, जणू घरचाच. कापसाच्या पानावर माव्याची कीड पडलीय का ते केवळाबाई जशा वाकून बघतात, तशाच त्या बराच वेळ बघत राहिल्या.

मग त्यांनी माझी फिरकी घट्ट लावली आणि लेकाला मराठीत सांगितलं, "इथं न्हाई ओतायचं. लेकीला पाठवताना दुसऱ्याच्या लेकराबाळांचं घर मोडून कसं चालंल?"

"अगं माय, हितवर आणून?"

"हाव, हितवर आणून."

मंजुश्रीनं त्यांच्या पाया पडून सांगितलं, उद्यानाची हद्द संपते तिथं पिवळं पिंप तरंगतं. त्याच्यापुढं खोल पाण्यात तांब्या ओता. नारळ-खण मात्र घरी न्या. नारळावरून पुन्हा थोडं कानडी झालं. शेवटी नारळ तिथंच फोडून सगळ्यांनी खाल्ला आणि करवंट्या पिशवीत भरून घेतल्या.

परतीला होडी पिवळ्या पिंपापुढं आली. नावाड्यानं इंजिन बंद केलं. केवळाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, मला दोन्ही हातांत धरलं, फिरकी काढली. त्यांचे डोळे भरले होते. एवढ्या वर्षांत माझ्यातून पाणी ओतताना कुणी रडलं नव्हतं.

"जा माय," त्या म्हणाल्या. "नीट नांद."

"आत्याबाई, थांबा!" सुकन्या एकदम म्हणाली. "ओतू नका. हे तिचं सासर नाही."

सगळे तिच्याकडं बघू लागले.

"गोदावरी ह्या समुद्राला मिळत नाही. ती पूर्वेला जाते, तिकडं आंध्रात. तो समुद्र वेगळा. हा पश्चिमेचा."

भुजंगरावांनी विचारलं, "तू भूगोल शिकवतीस ना? मग आधी काहून न्हाई बोललीस?"

"बोलले असते तर आत्याबाई आल्या नसत्या. त्या आल्या नसत्या तर तुम्ही आला नसता. आणि मला समुद्र बघायचा होता." तिचा आवाज अगदी लहान झाला. "शिकवून शिकवून जीव गेला, पण बघितला नव्हता. आत्ता आत्याबाई रडायला लागल्या, मग मला गप्प राहवंना."

मी केवळाबाईंच्या हातात थरथरत होतो आणि मला वाटलं, आता मी सुनेच्या डोक्यात जाणार. पण थरथर हसण्याची होती. आधी गुदगुदून, मग अशा हसल्या की नावाडीही कारण न कळता हसू लागला.

"अगं बया! आत्ता भलत्याच घरात लेक दिली असती की! वर अन् कुंकू लावून!" पदरानं डोळे पुसत त्यांनी विचारलं, "बघितलास का मन भरून समुद्र?"

"एक बघितला, आत्याबाई."

"मंग दुसरा उन्हाळ्यात बघू. पत्ता नीट इचारून ठिव." आणि त्यांनी माझी फिरकी इतक्या जोरानं आवळली की माझे कान असते तर वाजले असते.

मित्रांनो, आता मी माळ्यावर नाही. देवघराशेजारच्या फळीवर बसतो आणि रोज मला कुंकू लागतं. घरात कुणी आलं की सुकन्या बेटाची गोष्ट सांगते. तिच्या वर्गातली मुलं म्हणे आता प्रवाळाचं चित्र काढताना आधी विचारतात, "बाई, पाय कुठं ठेवायचा?" मी तुम्हाला एवढंच सांगेन: जगात काही जागा इतक्या नाजूक आहेत की तिथं आपण काय नेलं यापेक्षा काय ओतलं नाही, यालाच मोल आहे. समुद्र कितीही मोठा असला तरी त्याची लेकरं खळग्यात राहतात. त्यांना जपा. नद्यांना जपा. सुनांनाही जपा.

आणि हो, तुमच्यात कुणाचा हात बळकट असेल तर जरा येऊन जा. खाऱ्या वाऱ्यानं माझी फिरकी जाम झालीय, उन्हाळा अजून लांब आहे, आणि आतली नवरी आता वास मारून राहिली.