रुपीबाईच्या झोपडीकडे वळणारा ट्रक

"सोड हात! देवसिंग, स्टेअरिंग सोड!" फकिरा भगत ओरडला.

देवसिंगने दोन्ही हात वर केले. तांड्यासमोरच्या सपाट मैदानात बैलाच्या चालीने येणारा ट्रक थोडा सरळ आला आणि मग कोणी कान धरून ओढावा तसा डावीकडे वळला. निघाला तो थेट रुपीबाईच्या झोपडीकडे. देवसिंगने करकचून ब्रेक दाबला. मैदानाभोवती दाटलेल्या माणसांतून एकच 'अरे बाप रे' उठलं.

"पाह्यलं?" भगताने मोरपिसांचा कुंचा हवेत फिरवला. "इंजन विलायतचं, पण ओढ डाकिणीची! दिवसा गाडीले खेचते अन् राती टायर चाटते. लोखंड कधी खोटं बोलते काय, बाप्पा?"

लोखंड खोटं बोलत नाही, हे सगळ्यांनाच पटलं. ते काय बोलतं आहे, हे मात्र भगतच सांगत होता.

त्रेसष्ट सालची ही गोष्ट. घाटंजीकडच्या या तांड्यातले वाडवडील बैलांवर माल लादून मुलूख फिरले. देवसिंग ट्रकमधून कापसाच्या गाठी वाहत होता. दिवाळीनंतर त्याने मागच्या चाकांवरच्या, धक्के झेलणाऱ्या कमानींचे पाटे नवे बसवून घेतले. तेव्हापासून गाडी डावीकडे ओढू लागली आणि कोरे टायर बघता बघता झिजले. भगताने कौल लावला आणि रुपीबाईचं नाव घेतलं. पुरावा मिळाला तर सूर्य मावळायच्या आत म्हातारीने तांडा सोडायचा, असा तांड्याचा प्रमुख भावसिंग नायक याचा निवाडा होता.

रुपीबाई देवसिंगची काकी. त्याची आई बाळंतपणात गेली. हिनेच त्याला वाढवलं. तो तिला याडी म्हणे, म्हणजे आईच. पण संशय एकदा घरात शिरला की चुलीपर्यंत जातो. ही ट्रकच्या सावलीत कायले बसते? टायरवरून हात काहून फिरवते? नवा ट्रक आला तेव्हा पोराच्या कौतुकाने ती तेच करायची, हे देवसिंग विसरला होता.

गर्दीत विजयमालाबाई उभ्या होत्या. नागपूरहून बी.एस्सी. होऊन शेजारच्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलेल्या. त्यांनी वाकून पुढच्या टायरवर तळहात फिरवला, आधी आतल्या बाजूने, मग बाहेरच्या.

"देवसिंगभाऊ, इथं हात लावा."

देवसिंगने लावला. एकीकडून रबर गुळगुळीत, उलट हात नेला तर करवतीसारखं टोचत होतं.

"चाटलेलं दोन्हीकडून गुळगुळीत लागलं असतं," बाई म्हणाल्या. "हे घासलंय. चाक पुढे जातं आणि त्याच वेळी आडवं फरपटतं. आता एक करा. ट्रक पलीकडून इकडे आणा आणि तिथेही हात सोडा."

"कायले?" भगत मध्ये पडला. "एकडाव झाली ना परीक्षा!"

"काहून, भगतबुवा? डाकीण तर इथंच हाय. कुठूनबी ओढंल ना!" देवसिंग म्हणाला, आणि आपण हे बोललो याचं त्यालाच नवल वाटलं.

ट्रक उलट दिशेने आला. हात सुटले. गाडी पुन्हा डावीकडेच वळली. आता डावीकडे होता भगताचा ओटा! लिंबं, शेंदूर, कोंबड्यांची पिसं सोडून चेले पळाले.

"फकिरा, तूबी डाकीण निघाला की बे!" कोणीतरी ओरडलं. बाया पदरात तोंड लपवून हसल्या.

विजयमालाबाई हसल्या नाहीत. चाकं सरळ करवून त्यांनी दोरी मागवली. डाव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ती ताणली आणि गाठ मारली. तीच दोरी उजवीकडे लावली, तर गाठ चार बोटं अलीकडेच राहिली.

"उजवं मागचं चाक मागे सरकलंय. म्हणून मागची दोन्ही चाकं उजवीकडे रोखून आहेत. गाडीचं बूड उजवीकडे जातं, तोंड डावीकडे फिरतं. पण का सरकलं, ते पाट्याखाली बघावं लागेल."

देवसिंगने जॅक लावून उजवीकडचे बोल्ट सोडले. पाट्यांच्या मधल्या बोल्टचं डोकं एक्सलवरच्या, म्हणजे चाकांच्या आसावरच्या, भोकात बसायला हवं; ते भोकाबाहेर होतं. मध्ये चेपलेलं तांबं अडकलं होतं. देवसिंगने ते उपसून काढलं. भगताचा ताईत!

तांड्यात बैलगाडीला नवा आस बसवला की उजव्या अंगाला त्याखाली ताईत ठेवायची रीत. ट्रकचे पाटे बदलले तेव्हा भगताने तोच विधी केला होता. तांबं चेपलं, बोल्ट सैल पडले आणि ब्रेक लागता लागता एक्सल मागे गेला.

बोल्टचं डोकं भोकात बसवून, ताईत न ठेवता पाटे पुन्हा आवळले. हात सुटले. ट्रक ओळंब्यासारखा सरळ गेला.

"म्या मंतर मारला म्हणून!" भगत गरजला.

"उत्तम," बाई म्हणाल्या. "ताईत परत खाली ठेवू. मारा मंत्र."

"मंतर दिवसातून एकदाच चालते."

"अन् म्हातारीच्या जागेवर रस्त्याच्या काठी नवा ओटा बांधतो म्हणत होता, तो कवा?" भावसिंग नायकाने विचारलं. भगताने कुंचा काखेत मारला आणि वाट धरली.

झोपडीच्या दारात रुपीबाई गाठोडं बांधून बसली होती. देवसिंग समोर उभा राहिला. "याडी, चूक झाली. सोड ते गाठोडं."

"सोडतो," ती म्हणाली. "पण मले सांग, गाडी बिघडली म्हणून दोरी लावून मोजता आली. नायकाची म्हैस मेली असती तं? म्हशीले कुठून दोरी लावली असती रे?"

देवसिंग खाली बसून गाठोड्याची गाठ सोडू लागला. तिच्या प्रश्नाचं उत्तर आपल्यापैकी पुष्कळांकडे नसतं. दर वेळी पाट्याखालून तांबं निघेलच असं नाही. कित्येक गोष्टींचं कारण कळायला वेळ लागतो, काहींचं कळतही नाही. तेव्हा 'मला माहीत नाही' म्हणायला शिकावं, आणि शोधत राहावं. न कळलेल्या कारणाच्या जागी एखाद्या म्हातारीचं नाव कधीही लिहू नये.